भिंत किती खरवडावी

जुन्या घरात रंग देणं सोपं, खरवडणं अवघड. त्यातही कुठे थांबायचं हे कळणं सगळ्यांत अवघड. पुण्याच्या पेठांतले वाडे रंगवण्यात माझी हयात गेली, पण ही गोष्ट कुणाला तोंडाने सांगायची वेळ कधी आली नव्हती. भिंतीवर अंगठ्याचं नख ओढलं की उत्तर मिळायचं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली आहेत. खरवडायची पट्टी धरता येते, ब्रशही चालतो, पण भिंत आता बोटांना काही सांगत नाही. म्हणून खरवडायला भाचा बसतो आणि मधूनच विचारतो, ‘मामा, अजून घेऊ का?’

त्याला काय सांगू? अशा भिंतीवर आधी चुन्याचा गिलावा, त्यावर वर्षानुवर्षांचे नीळ घातलेल्या चुन्याचे हात, मध्येच कुणी पिवडी नाहीतर गेरू घातलेला, मग डिस्टेंपर, कमरेएवढ्या उंचीपर्यंत पिस्ता ऑइलपेंट आणि सगळ्यांत वर अलीकडचा प्लास्टिक पेंट. प्लास्टिक पेंट वाळताना आक्रसतो आणि खालच्या थराला ओढतो. तो थर भुकटीसारखा झाला असेल तर नव्या रंगासकट पापुद्रा सुटून येतो. म्हणजे दुबळं ते काढलंच पाहिजे. पण सगळंच काढत गेलं तर पट्टी घोटलेल्या गिलाव्याच्या सायीला जाऊन भिडते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, आणि हे काम बाहेरून आत होत जातं. त्यामुळे सगळ्यांत कडक असते ती वरची साय. ती एकदा फाटली की आतली वाळू मोकळी होते. मग कितीही प्रायमर पाजा, भिंत पीतच राहते.

थांबायची जागा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते आणि ती दर हातभर अंतरावर बदलते. खिडकीखाली वेगळी, मोरीच्या भिंतीला वेगळी, देवघरात धुराने काळवंडलेल्या भागात आणखी वेगळी. पट्टीचा लांब खरखराट आखूड झाला की जपायचं. बोटांच्या पेरांनी ठोकून पोकळ आवाज आला तर तिथला गिलावाच सुटलाय, रंगाचा प्रश्नच मिटला. आणि भिंत ओली असेल तर या सगळ्या खुणा खोट्या ठरतात, कारण ओलीत चांगला थरही मऊ लागतो. लोकांना मात्र दसऱ्याच्या आत घर रंगवून हवं असतं. पावसाळाभर पाणी प्यालेली जाड भिंत महिनाभरात कुठली वाळायला? संक्रांतीनंतर काम काढा असं मी सांगतो, तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं, हा टाळतोय.

जुन्या घरासाठी रंगारी शोधणारी माणसं आधी शेडकार्ड उघडतात, मग चौरस फुटाचा दर विचारतात. भिंतीला हात न लावता जो आकडा सांगेल त्याला काम देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. खरवडणं आणि दुरुस्ती रोजावर ठेवावी, रंगाचे हात चौरस फुटावर. सगळंच चौरस फुटावर बांधलं की रंगाऱ्याचा फायदा कमी खरवडण्यात होतो, आणि त्याची किंमत घर मोजतं. आधी एखाद्या कोपऱ्यात हातभर जागा खरवडून दाखव म्हणावं आणि तो कुठे थांबतो ते बघावं. का थांबलास असं विचारावं.

हल्ली चार दिवसांत घर करून देणारे ठेकेदार आले आहेत. ते सगळ्यावर सरसकट पुट्टी ओढतात. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी चुन्याच्या गिलाव्याहून कडक असते, तिच्यामागे ओल कोंडते. पहिल्या दिवाळीला भिंत गुळगुळीत, दुसऱ्या पावसाळ्यात जोत्यापासून वर लोणा फुटलेला. त्याहून मला राग येतो तो त्यांच्या घासायच्या मशीनचा. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत 90 भागांच्या वर नको, हा नियम आपल्याकडे 2016 साली निघाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याआधीच्या हिरव्या-पिवळ्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असायचं. कमरेपर्यंतचा तो पट्टा कोरडा घासला की धूळ घरभर होते आणि रांगणारं मूल तीच धूळ तोंडात घालतं. पट्टा घट्ट असेल तर वॉटरपेपरने पाणी मारत नुसती चकाकी उतरवावी. सुटत असेल तर भिजवून खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावं, फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि काम संपेपर्यंत मुलांना आणि गरोदर बाईला त्या घरात ठेवू नये. याला वेळ लागतो, आणि तो वेळ मागायची मला लाज वाटत नाही.

हा लेख लिहावासा वाटला तो या वर्षी केलेल्या शनिवार पेठेतल्या एका वाड्यामुळे. तळमजल्याची एक भिंत दर खेपेला एका ठरावीक उंचीच्या खालीच सुटायची. माझा अंगठा काही सांगेना. भाच्याने नख ओढलं आणि म्हणाला, ‘मामा, खाली थर दोनदा लागतोय.’ त्याने पट्टीचा कोपरा घालून एक पापुद्रा आख्खा उचलला. चुन्याच्या दोन हातांच्या मध्ये केसाएवढी तपकिरी रेघ होती. ती गाळाची होती. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, त्या पुराचं पाणी या खोलीत शिरलं होतं, आणि नंतर कुणीतरी भिंत नीट न धुता त्यावरच चुना मारला होता. गाळाच्या वरचं काहीही टिकणार नव्हतं. गाळाखालचा पुराआधीचा चुना मात्र ठणठणीत होता. म्हणजे एकाच भिंतीत थांबायच्या दोन जागा: पाण्याच्या खुणेखाली गाळापर्यंत, वर नेहमीसारखं. भाचा बरोबर तिथे थांबला. गाळ ओल्या ब्रशने धुऊन काढला, भिंत वाळू दिली, आणि मग चुनाच मारला.

मला गर्व आहे आणि तो कमी होत नाही. बारशाला, मुंजीला कुणाकडे गेलो की मी आधी भिंतीवरून हात फिरवतो. काम माझं असेल तर दिवस चांगला जातो, दुसऱ्याचं चांगलं असेल तर जेवण गोड लागत नाही. त्या वाड्याचे मालक परवा भेटले. भिंत पावसाळाभर जशीच्या तशी राहिली म्हणाले, ‘तुमच्या हाताला तोड नाही.’ भाचा शेजारीच उभा होता. मी मान डोलावली आणि ती शाबासकी घेतली. थांबायची जागा त्याला आता माझ्याइतकीच कळते. ही गोष्ट मी चारचौघांत अजून बोललेलो नाही, आणि बोलावीशी वाटत नाही, हेही खरं आहे.