पंधरापैकी सहा

निबंधांचा गठ्ठा सोडण्यापूर्वी मी चहा घेऊन टाकतो. मध्येच चहा आला तर चहाआधीच्या मुलांवर अन्याय होतो, असा माझा अनुभव आहे. १९१२ साली स्टार्च आणि एलियट या दोघा अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीचा एकच पेपर शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतला. शंभर गुणांच्या त्या पेपरात गुणांचे अंतर तीसांहून अधिक पडले. हे वाचून मला फार हायसे वाटले होते. चूक सगळ्या जगाची असली, की आपल्या वाट्याला थोडीच येते!

पण एक चूक मला चहावर ढकलता येत नाही.

छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते. चाचणीला मी ‘पाणी’ हा विषय दिला होता. बहुतेकांनी ‘पाणी हेच जीवन’ अशी सुरुवात करून, १९७२चा दुष्काळ आणि जायकवाडी ओलांडून, समारोप गाठला. त्यांना मी पंधरापैकी अकरा दिले. वैजापूरकडच्या एका मुलाचा निबंध मात्र दीडच पानाचा. त्यात लिहिले होते : ‘आमच्याकडं पाव्हणा आला की माय आधी रांजणात डोकावते, मग त्याला बस म्हणते.’ ‘आमच्याकडं’, ‘पाव्हणा’, ‘माय’ या शब्दांखाली मी लाल रेघा ओढल्या, ‘बोलीभाषा टाळावी’ असा शेरा मारला आणि सहा गुण दिले.

तास संपल्यावर तो वही घेऊन आला. गुण वाढवून मागेल, असे मला वाटले. त्याने विचारले, “सर, मायला लेखी काय म्हणायचं?”

“आई,” मी म्हणालो.

त्याने शब्द बदलून वाक्य पुटपुटत वाचले. म्हणाला, “हे आमच्या घरचं नाही वाटत, सर.”

निजामाच्या राज्यात इथले उच्च शिक्षण उर्दूतून होते. घरची मराठी दाराबाहेर ठेवूनच मुलगा वर्गात शिरे. पुढे १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने या शहरात महाविद्यालय काढले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले. खेड्यातल्या मुलांना दार उघडले. आणि त्याच दारात मी लाल पेन घेऊन बसलो होतो.

मी त्याची वही ओढून घेतली आणि सहाचे बारा केले.

पुढच्या चाचणीला विषय होता ‘वृक्ष’. त्याचा निबंध चार पाने भरला होता. प्रस्तावना होती, समारोप होता. माय कुठेच नव्हती. लाल रेघ ओढावी असा एकही शब्द सापडला नाही.

मी त्याला अकरा गुण दिले.