मुक्तास, ॲपच्या निमित्ताने

पुणे

चि. मुक्ता,


संग्रहालयात नोकरी लागली, तीही डिजिटल विभागात, हे वाचून आनंद झाला. ॲप लवकर करा म्हणून साहेब मागे लागलेत म्हणतेस. लागू देत. त्याआधी मामाचं थोडं ऐक.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2012 मध्ये आपल्या चित्रांचे उत्तम फोटो लोकांना फुकट उतरवून घ्यायला दिले. पुढे रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’चा 717 गिगापिक्सेलचा फोटो काढला, रंगाला गेलेले बारीक तडेसुद्धा घरबसल्या दिसतात. याला म्हणतात तंत्रज्ञानाचा उपयोग. आपल्याकडे अनेकदा दाराशी भला मोठा टचस्क्रीन असतो, आणि तो बंद असतो!

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं मला म्हणूनच कौतुक आहे. मुलांना फोर्टात आणायचं तर गावच्या शाळेला एसटीचं भाडंच झेपत नाही. मग 2015 पासून त्यांचं म्युझियमच बसमध्ये बसून शाळांच्या दारी जाऊ लागलं. बस काही नवा शोध नव्हे, पण अडचण नेमकी कुठे आहे हे त्यांनी ओळखलं.

तुझी अडचण वेगळी आहे. ती बघायची तर इथल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ये. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने घरोघरच्या वस्तू जमवल्या आणि 1975 मध्ये सारा संग्रह सरकारच्या हवाली केला. दिवे, भांडी, अडकित्ते. त्या काळी अडकित्ता म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. पानाचा डबाच घरातून गेला, तिथे आजच्या पोराने सुपारी कातरताना कुणाला पाहिलेलं असणार? ‘अडकित्ता, पितळ’ एवढ्या पट्टीवर त्याला काय कळणार? अशा वेळी शेजारची आजीच नातवाला दांडे कसे धरायचे, सुपारी पात्यांमध्ये कुठे ठेवायची, बोट कसं वाचवायचं ते हातवारे करून दाखवते. तेवढ्यात त्या वस्तूत जीव येतो. हे कुठल्याही क्युरेटरच्या टिपणात नसतं.

ॲपमध्ये घालायचं असेल तर हे घाल. थ्रीडी वगैरे नंतर बघू. तुमच्याकडे येणाऱ्या अशा आज्या-आजोबांना कपाटापुढे खुर्ची दे, चहा दे, आणि परवानगी घेऊन त्यांचं बोलणं त्यांच्याच मराठीत रेकॉर्ड कर. साहेबांना मी सांगितलं म्हणून सांग. पण उशीर करू नकोस, ही माणसं ऐंशीच्या घरात आहेत.

तुझा,
मामा