एक पसंतीक्रम, दोन शहरे

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा आम्हा दोघींना एकाच वेळी एकच प्रसंग आठवला. २०१९ सालच्या पावसाळ्यातील ती दुपार. नेरच्या बाजारपेठेतील एका संगणक केंद्रात आम्ही शेजारी-शेजारी बसलो होतो. तीन वर्षांच्या विधी पदवीच्या प्रवेशासाठी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा होता आणि आमची बोटे पहिल्याच रकान्याशी अडली होती. तेथे मुंबई लिहावी की नागपूर?

पाचवीपासून आम्ही या शाळेच्या वसतिगृहात एका खोलीत वाढलो. पहाटेची वंदना, परिपाठ, जेवणाची रांग, रात्रीचा अभ्यास, सारे सोबत झाले. पुढे बी.ए.देखील आम्ही एकाच बाकावर बसून पूर्ण केले. त्यामुळे वकिलीचे शिक्षणही एकत्रच घ्यायचे, हे ठरवावे लागलेच नव्हते. प्रश्न होता तो केवळ शहराचा, असे आम्हांस वाटत होते.

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ साली स्थापन झालेले. १९३५ साली बाबासाहेब तेथे प्राचार्य झाले, हे सरांनी आम्हांला आठवीत सांगितले होते. ज्या इमारतीशी त्यांचे नाव जोडलेले आहे, तिच्या पायऱ्या आपण चढाव्यात, ही ओढ तेव्हापासूनची. नागपूरची ओढ निराळी होती. तेथे विद्यापीठाचे विधी महाविद्यालय बाबासाहेबांच्याच नावाने ओळखले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी त्याच शहरात आहे. आणि व्यवहाराची गोष्ट अशी की यवतमाळ जिल्ह्यातील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातात. ज्यांना आपल्याच भागात वकिली करायची, त्यांच्यासाठी नागपूर हेच मोठे न्यायालय.

निर्णय होईना तेव्हा आम्ही शाळेत आलो. सरांनी एका पाठकोऱ्या कागदावर उभी रेघ ओढली आणि म्हणाले, "पोरींनो, आधी खर्च लिहा. मोठेपणा मागाहून लिहू." आम्ही लिहू लागलो. भारत सरकारची शिष्यवृत्ती दोन्हीकडे मिळणार होती. वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेची रक्कम दोन्ही शहरांना सारखीच, वर्षाला ६०,००० रुपये. मात्र खोलीचे भाडे दोन्ही शहरांत सारखे नव्हते आणि ही रक्कम हाती येईपर्यंतचे महिने स्वतःच निभावावे लागणार होते. मुंबईत घाटकोपरला एकीची मावशी राहत होती. तिच्या एका खोलीच्या घरात आणखी एक अंथरूण मावले असते, दोन मावली नसती. नागपूरहून एस.टी.ने त्याच दिवशी घर गाठता येत होते. मुंबईहून घरी येणे म्हणजे रात्रभराचा प्रवास.

कागद भरला तेव्हा सरांनी विचारले, "आता सांगा, तुम्हाला वकील कोणासाठी व्हायचं आहे?"

या प्रश्नाला आम्ही प्रथमच दोन वेगळी उत्तरे दिली. एकीच्या बाबांचा शेताच्या बांधावरून कितीतरी वर्षे दावा चालू होता. न वाचता अंगठा दिलेल्या एका कागदापासून त्याची सुरुवात झाली होती. प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून बाबा न्यायालयात जात आणि काय झाले हे न कळताच परत येत. तिला घराजवळ राहणे भाग होते. दुसरीला इंग्रजीची भीती मोडायची होती. तालुक्याचे कामकाज मराठीत चालते, उच्च न्यायालयाचे इंग्रजीत. ती पायरी ओलांडल्याशिवाय आपली माणसे तेथे उभी कशी राहणार, असे तिचे म्हणणे होते. दोन्ही उत्तरे खरी होती. म्हणूनच ती ऐकताना आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी आले.

सर त्या वेळी बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेविषयी बोलले. १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी या दोन्ही शिक्षणांसाठी नाव नोंदविले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी त्यांना परतावे लागले. १९२० साली साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे घेऊन ते पुन्हा गेले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे केले. "जागा महत्त्वाची खरी," सर म्हणाले, "पण खंड पडला तर पुन्हा सुरू करण्याची तयारी त्याहून महत्त्वाची."

संध्याकाळी आम्ही पुन्हा संगणकापुढे बसलो. वर लिहिलेले महाविद्यालय मिळाले की खालचे आपोआप गळते, हे केंद्रातील दादांनी दोनदा बजावले. एकीने नागपूर वर लिहिले, दुसरीने मुंबई. यादी लागली तेव्हा दोघींना आपापला पहिला क्रमांक मिळाला आणि आनंदाने रडावे की दुःखाने, हे आम्हांला कळले नाही.

पुढचे सहा-सात महिने कठीण गेले. मुंबईत घाटकोपरहून लोकलच्या गर्दीत उभे राहून प्रवास आणि वर्गात न समजणारी वाक्ये; नागपुरात भाड्याची खोली आणि महिनाअखेरीस रिकामा डबा. रोज रात्री फोनवर आम्ही दिवसभराचा एकेक खटला एकमेकींना समजावून सांगत असू. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ज्या दोन शहरांसाठी आम्ही वेगळ्या झालो होतो, ती दोन्ही बंद झाली. गावी परतून, नेटवर्क मिळे त्या कडुनिंबाखाली, एकाच मोबाइलवर आळीपाळीने आम्ही दोन विद्यापीठांचे तास ऐकले. संविधान तेच होते आणि कलमेही तीच.

याचा अर्थ शहराने काही फरक पडत नाही, असा नव्हे. मुंबईकर मैत्रिणीचे इंग्रजी सुधारले. पण शिक्षण सुरू असतानाच आजी गेली, तेव्हा ती अंत्यविधीला पोहोचू शकली नाही. नागपूरवाली प्रत्येक तारखेला बाबांसोबत उभी राहिली. पण मुंबईला गेलो असतो तर, हा विचार तिला आजही अधूनमधून छळतो. निवड म्हणजे काहीतरी सोडणे, एवढे आम्ही शिकलो.

बांधाचा दावा अजून निकाली निघालेला नाही. मात्र आता प्रत्येक कागद बाबांना आधी वाचून दाखवला जातो, आणि अंगठ्याऐवजी ते सही करतात. ती त्यांनी लॉकडाउनमध्ये आम्हा दोघींकडून शिकून घेतली.

शाळेतील धाकट्या भावंडांनो, तुमच्यापुढेही असा रकाना येईल. तेव्हा नावाला भुलू नका आणि खर्चाला घाबरून मागेही फिरू नका. पाठकोरा कागद घ्या, उभी रेघ ओढा, आणि सरांनी आम्हांला विचारलेला प्रश्न शेवटी स्वतःला विचारा. मैत्रिणीचे उत्तर वेगळे आले, तरी तिचा हात सोडू नका.

जयभीम.