पाच तासिका

माझी नात अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला घरी आली आणि म्हणाली, "आबाजी, पर्यावरणाचा प्रोजेक्ट द्यायचा आहे. सगळे दुकानातून तयार आणतात. मीही आणू काय?"

मास्तरकी केलेल्या माणसाला असं विचारू नये! मी आधी तिचं पुस्तक मागून घेतलं. हा विषय कॉलेजात आला तो न्यायालयामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली आदेश दिला, 2003 मध्ये पुन्हा कान पिळले, तेव्हा कुठे यूजीसीचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार झाला. 50 तासिकांचा. त्यातल्या 5 बाहेर पडून पाहण्यासाठी. ह्या पाचच तासिका बहुतेक ठिकाणी दुकानातून येतात.

"पाण्यावर कर," मी म्हणालो. "चल, माझ्या जुन्या गावाला जाऊ."

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. हा सगळा खारपाणपट्टा. समुद्र कुठल्या कुठे, पण पूर्णेच्या दोन्ही काठांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांचं भूजल खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आम्ही गोड्या विहिरीचं पाणी बैलगाडीवर ड्रम टाकून आणायचो. पुढे धरणांवरून नळयोजना आल्या. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणाची 84 खेडी योजना सर्वांना ठाऊक आहे.

नातीनं कुणाकडून तरी टीडीएस मीटर आणला होता. पिण्याच्या पाण्यात 500 पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायचं, असं तिनं मला समजावलं. शाळेमागच्या विहिरीत मीटरचा आकडा 2000 च्या पुढे गेला.

तिथं उभ्या उभ्या मला एक वही आठवली. नववीचा निबंध, 'पाणी हेच जीवन'. दरवर्षी मी तो द्यायचो आणि दरवर्षी खळाळते झरे, अमृत वगैरे वाचून गुण द्यायचो. एका पोरानं लिहिलं होतं, 'आमच्या विहिरीच्या पाण्यानं चहा फाटतो, म्हणून पाहुणे आले की माय शेजारून पाणी मागते.' मी लाल शाईनं त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, 'विषयास सोडून.' वीसपैकी सहा.

ते पोरगं पुढल्या निबंधापासून झरेच लिहू लागलं.

परतताना एस.टी.त नातीला हे सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "त्याचं नाव काय होतं?" एवढंच विचारलं. मला नाव आठवत होतं, पण सांगवेना.

तिच्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर, विहिरींच्या तक्त्याच्या आधी, ते चहाचं वाक्य आहे. खाली लिहिलंय, 'नववीचा एक विद्यार्थी.' झेरॉक्स माझ्या कपाटात आहे.