नाव घातलेली भांडी

डोळखांब,
२८ डिसेंबर २०२४

चि. मुग्धास,


तुझं पत्र आणि फोटो मिळाले. डोंबिवलीच्या नव्या घरासाठी चोरबाजारात पितळी हंडा आणि पानाचा डबा बघून ठेवलास, आणि पैसे द्यायच्या आधी मला विचारलंस, हे बरं केलंस. माझं ऐकशील तर थोडी थांब आणि म्हशाच्या यात्रेला ये. असा हंडा दुकानात यायच्या आधी कुठून निघतो, ते एकदा बघून घे.

म्हसा मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला आहे. पौष पौर्णिमेला तिथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि पुढे आठवडाभर तरी चालते. यात्रेचा जीव जनावरांच्या बाजारात. बैलगाडा शर्यतींवरची बंदी २०२१च्या डिसेंबरात उठली, तेव्हापासून पळणाऱ्या खोंडांभोवतीची गर्दी वाढलेली मला दिसते. बाकी घोंगड्या, कोयते-कुऱ्हाडी, टोपल्या-सुपं आणि भांड्यांची दुकानं. जुन्या वस्तूंची वेगळी ओळ शोधशील तर सापडायची नाही. भांडीवाल्यांच्या पालांमागे जा. मोडीचा काटा टांगलेला दिसेल, त्याच्या खाली गोणपाटावर ढीग असतो. तांबे, घागरी, पराती, बुडाला भोक पडलेला बंब, चुन्याच्या डब्या, अडकित्ते, क्वचित एखादं शेर-पायलीचं माप. सकाळी लवकर गेलीस तर पितळ इतकं गार लागतं की बोटं आखडतात. तरी सकाळीच जायचं, कारण दुपारपर्यंत चांगला माल पोत्यात भरला जातो.

मोडीचा व्यवहार साधा आहे. जुनं तांबं-पितळ वजनावर द्यायचं आणि त्या पैशांत नवं स्टील घ्यायचं. शहापूर-मुरबाड या आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या घरांतून पिढ्यांची भांडी अशीच गेली. त्यावरून शहरातली माणसं इथल्या बायांना नावं ठेवतात, तेव्हा मला फार राग येतो. तांब्याचा हंडा रिकामाच किती जड असतो, ते एकदा डोक्यावर घेऊन बघावं. तो भरून विहिरीचा चढ चढायचा, उन्हाळ्यात विहीर आटली की आणखी लांब जायचं. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि आमच्या शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. हलकी कळशी घरात आली तेव्हा बाईची मान सुटली. त्यात कल्हईवाला यायचा बंद झाला. कल्हई नसलेल्या पितळेत ताक-आमटी कळकते, मग ते भांडं चुलीवर ठेवायचं कसं? तिने हंडा मोडीत दिला यात तिचं काहीच चुकलं नाही.

माझा जीव तुटतो तो वेगळ्या गोष्टीसाठी. ढिगातलं भांडं उचललंस की काठाखाली आणि गळ्याशी बघ. लग्नात, बारशाला दिलेल्या भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीत. आता यंत्राने घालतात. पूर्वी बारीक छिन्नीने टिंब-टिंब ठोकून अक्षर काढायचे. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी गाव, कधी तारीख. अक्षरं वाकडी, वेलांट्या चुकलेल्या, पण टिंबं खोल. या नावांत बायका फार. त्या काळी त्यांचं नाव सातबाऱ्यावर चढत नव्हतं आणि शाळेच्या हजेरीपर्यंत बहुतेकींचं पोचलंच नाही. गावात कुठे लिहून राहिलं असेल तर माहेरच्या तांब्यावर. तो भट्टीत गेला की तेही वितळलं. आणि जो तांब्या भट्टीतून वाचून शहरातल्या दुकानात जातो, त्याच्यावरची अक्षरं पुष्कळदा पॉलिशच्या चाकावर घासली जातात, कारण गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं नाव घरात नको असतं. तुझ्या फोटोतल्या हंड्याच्या गळ्याशी बोटभर रुंदीचा पट्टा बाकी अंगापेक्षा गुळगुळीत दिसतोय. तिथे बहुधा नाव होतं.

म्हणून मी तुला सांगेन की चकाकी बघू नकोस. हाताने घडवलेल्या भांड्यावर मठारताना पडलेल्या हातोडीच्या खुणा असतात आणि त्या कधीच अगदी एकसारख्या पडत नाहीत. आत हात घालून जोड चाचप. पत्र्याचे दोन भाग दातेरी कापून एकमेकांत बसवलेले आणि डाक देऊन पक्के केलेले असतात. झीज कुठे आहे ते बघ. खरी वापरातली घागर बुडाशी आणि जिथे कमरेचा आधार लागतो तिथे झिजते. सगळीकडे सारखाच हिरवा गंज चढलेला दिसला तर तो आम्ल लावून आणलेला असू शकतो. लोहचुंबक घेऊन ये, लोखंडावर नुसता पितळेचा मुलामा असेल तर लगेच कळेल.

देवाचे टाक, मूर्ती, वीरगळ कुणी पुढे केले तर घेऊ नकोस. टाक कुणाच्या तरी देव्हाऱ्यातले असतात. आणि १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीच्या अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, त्या देशाबाहेर नेताही येत नाहीत.

हा नुसता हौसेचा नाद आहे, असं दादा म्हणेल. त्याला पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण दे. १८९६चा जन्म, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. विशीत असताना जमवायला लागले आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला, वीस हजारांच्या आसपास वस्तू. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहालयाला दिलं. तिथे दिवे, अडकित्ते आणि पाय घासायच्या वज्री मांडून ठेवल्यात. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपणारे पुष्कळ होते. बाईच्या टाचेखालची वज्री जपावी हे केळकरांना सुचलं, म्हणून मला तो माणूस फार मोठा वाटतो.

यंदा पौर्णिमा १३ जानेवारीला, सोमवारी आहे आणि त्याच दिवशी भोगी. तेव्हा येऊ नकोस, पाय ठेवायला जागा नसते. शनिवारी १८ तारखेला ये. कल्याणहून सकाळची पहिली मुरबाड एस.टी. पकड, मी किन्हवली-सरळगाव करत मुरबाडच्या स्टँडवर येते. स्वेटर आण. शिवाय पातळ कागद आणि मऊ पेन्सिल आण. भांड्यावर कागद धरून पेन्सिल घासली की टिंबं उमटतात. मोडवाल्याला आधी विचारायचं. गेल्या वर्षी एकाने गिऱ्हाईक सोडून मला भांडी धरून दिली होती. तू घेशील ती भांडी एक-दोनच असतील, पण न घेतलेल्यांवरचीही नावं आपण उतरवून घेऊ. मी एक वही केली आहे, त्यात गावाप्रमाणे लावायची आहेत.

दादा-वहिनींना नमस्कार सांग. चोरबाजारातल्या माणसाला फोन करून एवढंच विचार, गळ्याशी काही लिहिलेलं होतं का, आणि त्याला आठवत असेल तर तुझ्याकडे लिहून ठेव.

तुझी,
आत्या