मांडीवरची गिटार

लॅप स्टील गिटारीच्या तारा फिंगरबोर्डपासून इतक्या उंच असतात की बोटानं कितीही दाबल्या तरी खाली टेकत नाहीत. टेकवायच्याही नसतात. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत, जड बार, आणि तो तारांवर नुसता ठेवून सरकवायचा. फ्रेट म्हणून दिसतात त्या रंगवलेल्या रेघा. हात फिरवला तर बोटाला काहीच लागत नाही. साधी गिटार थोडीफार येत असूनही मला यात ओळखीचं असं काही सापडेना.

माझी गिटार ‘ओआहू टोनमास्टर’ आहे. मी क्लीव्हलँडला राहते. तिथेच एका घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत ती मिळाली. घडवली शिकागोच्या व्हॅल्को कारखान्यात, विकली मात्र क्लीव्हलँडच्याच ओआहू पब्लिशिंग कंपनीनं. ही कंपनी हवाईयन गिटारीचे धडे छापायची आणि धड्यांबरोबर वाद्यंही विकायची. ओहायोच्या बर्फात हवाईचं वाद्य कुठून आलं, याचा शोध घेताना जोसेफ केकुकू भेटला. ओआहू बेटावरच्या लाइए गावचा हा मुलगा होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकत होता. १८८९च्या सुमारास त्यानं तारांवर लोखंड सरकवून वाजवण्याची ही रीत घडवली, असं मानतात. १९०४ साली तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आला आणि गावोगाव वाजवत फिरला. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर तर या संगीतानं सगळ्या देशाला वेड लावलं.

मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारीचा आवाज श्रोत्यांकडे न जाता छताकडे जातो. मोठ्या वाद्यवृंदात ती ऐकूच येईना. विजेवरची गिटार बाजारात आली ती आधी याच रूपात: १९३२ची रिकनबॅकर, ओतीव ॲल्युमिनियमची, लांब दांड्याच्या तव्यासारखी, म्हणून ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली गेलेली. रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापला की ती सुरातून उतरायची. मग बेकेलाइटची आली, आणि जाणकार आजही तिच्या आवाजावर जीव टाकतात.

माझी लाकडी आहे. तिच्या तारा पिकअपच्या, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या भागाच्या, वरून जात नाहीत, त्याच्या पोटातून जातात. त्यामुळे तार बदलायची म्हणजे सुईत दोरा ओवल्यासारखं काम. साल शोधायला स्क्रू काढून आवाजाच्या बटणाखालचा पोटेन्शिओमीटर पाहिला. त्यावर १३७८२२ असे आकडे होते. पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे, शेवटचे दोन आठवड्याचे आणि मधला ८ सालाचा. व्हॅल्को हे नावच चाळिशीच्या दशकातलं, आणि पन्नाशीच्या शेवटाकडे सालाला दोन आकडे छापू लागले. तेव्हा हा सुटा भाग बहुधा १९४८चा. तो मागाहून बदललेला नसेल तर गिटार त्याआधीची असणं शक्य नाही, नंतरची असू शकते. बटण फिरवताना होणारी खरखर काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं गेली.

अशी गिटार घेणाऱ्यांना एक कळकळीनं सांगते. तिच्यासोबत जुना अँप्लिफायर आला आणि त्याला दोनच पिनांचा प्लग असला, तर तंत्रज्ञाकडून अर्थिंगची तिसरी पिन आणि नवे कपॅसिटर बसवून घेतल्याशिवाय तो लावू नका. इथे हातात पोलाद असतं आणि ते सतत तारांना टेकलेलं असतं. शॉक लागायला आणखी काही लागत नाही.

शिकायला मी एका वयस्कर वादकांकडे जाते. पहिल्या भेटीत त्यांनी मला धून सोडाच, सलग दोन स्वरही वाजवू दिले नाहीत. बार ठेवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा, तोही आवाज न करता. मी चक्रावले. वाजवायला आलेय आणि हे गप्प बसवतायत! पण घरी येऊन अँप्लिफायर लावला तेव्हा कारण कानावर आदळलं. बार तारेला टेकतो तेव्हा खणखणतो, सरकतो तेव्हा घासतो, आणि बारच्या मागे राहिलेला तारेचा तुकडाही स्वतंत्र वाजत राहतो. त्यात न छेडलेल्या तारा आपणहून घुमतात. या सगळ्याला आवरायचं तर डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर हलकेच टेकून त्याच्याबरोबर सरकल्या पाहिजेत. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या घालून तार छेडायची, आणि पुढची छेडण्याआधी तळव्याच्या कडेनं आधीची थांबवायची. निम्म्याहून अधिक वादन हे थांबवणंच आहे, आणि माझ्या मते शिकवण्याची सुरुवात तिथूनच व्हावी. सुराचं नंतर बघता येतं.

सुराचंही वेगळंच आहे. साध्या गिटारीत फ्रेटच्या मागे दाबतो. इथे बार थेट रेघेवर हवा. डोळे तिरपे असले तर बार रेघेवर दिसतो आणि स्वर उतरतो. म्हणून मान वाकवून बरोबर वरून पाहायचं. दाबायचं तर अजिबात नाही. बारचं वजन पुरेसं असतं. जोर दिला की तार खाली झुकते आणि स्वर चढतो. बार हलवून स्वराला कंप देणं कानाला फार गोड लागतं, पण त्यानं बेसूरपणा झाकला जातो. मी सध्या तानपुऱ्याचं ॲप लावते आणि स्वर सरळ उभा धरते.

ओआहूचे जुने धडे ज्या जुळणीवर होते ती खालून वर आपल्या भाषेत प सा प सा ग प. माझ्या गुरूंनी मात्र सी-सिक्स्थ लावायला दिली: सा ग प ध सा ग. जुळणी बदलताना तारांचा संचही त्या जुळणीचाच घ्यावा लागतो. जाडी चुकली की तार तुटते, नाहीतर ढिली पडून बारखाली लटपटते.

आईला फोनवर ऐकवलं. ती लगेच म्हणाली, “अगं, हे तर विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये लागायचं ते!” बरोबरच होतं तिचं. हे वाद्य भारतात केव्हाच पोचलं होतं. सामोआत जन्मलेले, हवाईत वाढलेले ताउ मोए चाळिशीच्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत आणि शिकवत होते. मुंबईत व्हॅन शिपलींनी चित्रपटगीतं याच वाद्यावर घरोघरी पोचवली. ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग मांडला, आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर ते आहेत. तो अल्बम मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्यातल्या गिटारीचं माझ्या मांडीवरच्या वाद्याशी नातं आहे, हे मात्र आत्ता कळलं.

सा ग प ध या जुळणीत भूप रागाला फक्त रे कमी पडतो. बार बाराव्या रेघेवर ठेवला की पहिली तार ग, दुसरी सा, तिसरी ध. पहिल्याच तारेवर बार दोन रेघा मागे नेला की रे. ग रे सा ध एवढंच सध्या घोटतेय. ग वरून रे वर येताना मींड आपोआप मिळते. अडतं ते पुढे. बार पुन्हा बाराव्या रेघेवर नेऊन सा छेडायचा, आणि त्याआधी पहिली तार थांबवायची, नाहीतर रे वरून ग कडे परत जातानाचा आवाजही ऐकू येतो. गुरू म्हणतात, आधी तळवा, मग बार, मग नखी. हा क्रम हातात बसेपर्यंत त्यांनी पुढचा धडा द्यायचं नाकारलंय.