मेहमूदच्या जोडीबाहेरच्या शुभा खोटे

अंधेरी (पश्चिम), मुंबई

चि. भाचीस,

हिंदी चित्रपटातील विनोदी अभिनेत्रींवर तू जो प्रबंध लिहीत आहेस, त्याच्या पहिल्या खर्ड्यात शुभा खोटे यांचा निर्देश 'मेहमूदची जोडीदार' एवढ्याच शब्दांत आला आहे. हा निर्देश खोटा नाही. परंतु १९५५ मध्ये पडद्यावर आलेली आणि पुढे दूरदर्शनच्या मालिकांतून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रेक्षकांच्याही ओळखीची झालेली अभिनेत्री एका विनोदी नटाच्या नावाआड ठेवली जाते, तेव्हा तिच्या अभिनयाचे स्वरूपच नजरेआड होते, आणि ते होऊ नये म्हणून हे पत्र.

शुभा खोटे यांचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी मुंबईत झाला. वडील नंदू खोटे रंगभूमीवरील आणि मूकपटांतील नट, दुर्गा खोटे या नात्याने त्यांच्या काकू, तर 'शोले'तील कालिया म्हणून सर्वतोमुखी झालेले विजू खोटे हे धाकटे बंधू, असे हे घर होते. मात्र त्यांच्या अभिनयाचा उगम घराण्यापेक्षा खेळात शोधणे अधिक फलदायी ठरेल, कारण त्या पोहण्यात आणि सायकल शर्यतीत विजेत्या ठरलेल्या खेळाडू होत्या. त्या काळच्या नायिकेची चाल आखीव आणि नजर झुकलेली असे. खोटे यांच्या पुतळीने (अमिय चक्रवर्तींच्या 'सीमा' या पहिल्याच चित्रपटातील भूमिका) मात्र धावपळीची, अंगात जोर असलेली आणि कोणाच्या आधाराची वाट न पाहणारी मुलगी पडद्यावर आणली. हिंदी चित्रपटातील स्त्रीचा विनोद पुष्कळदा तिच्या देहाच्या आकारावर, म्हणजे लठ्ठपणावर किंवा कुरूपतेवर, बेतलेला असे. येथे हसू येते ते देहाच्या चपळाईतून, आणि हा फरक तुझ्या प्रबंधाच्या केंद्रस्थानी असावयास हवा.

आरंभी त्यांच्यावर विनोदाचा शिक्का नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. गोरेगावच्या फिल्मिस्तान या संस्थेच्या 'पेइंग गेस्ट'मध्ये (१९५७) त्यांनी रंगवलेली चंचल ही नायिकेची मैत्रीण पैशासाठी वयस्क वकिलाशी विवाह करते आणि नंतर मैत्रिणीच्याच संसारावर डोळा ठेवते. ही भूमिका हास्याची नसून असमाधानाची आहे, आणि नायिका झालेल्या नूतनसारख्या अभिनेत्रीसमोर ती फिकी पडत नाही.

यानंतर आले ते मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ यांचे त्रिकूट. त्या काळातील अनेक चित्रपटांत मुख्य प्रेमकथेला समांतर असा एक हास्यप्रधान उपकथानकाचा पदर असे, ज्याला चित्रपटसृष्टीत 'कॉमेडी ट्रॅक' म्हणतात. त्यात बहुधा धुमाळ मुलीचे संतापी वडील, मेहमूद त्या घरात काही ना काही युक्ती करून शिरणारा प्रियकर आणि खोटे या दोघांमध्ये सापडलेली मुलगी असत. 'ससुराल' (१९६१), 'जिद्दी' (१९६४) आणि 'लव्ह इन टोकियो' (१९६६) ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा प्रवेशात हशा वसूल करणारा एक असतो आणि त्या हशाला जमीन देणारा दुसरा असतो. पहिल्याने कितीही वेषांतरे केली, तरी दुसऱ्याने त्यावर विश्वास ठेवल्याखेरीज ती प्रेक्षकांना पटत नाहीत. खोटे यांनी हे दुसरे, अधिक अवघड काम केले. टायमिंग, म्हणजे प्रतिक्रिया नेमकी कोणत्या क्षणी द्यावी याचे भान, त्यांच्याकडे असे होते की मेहमूदचे वाक्य संपण्याआधी त्यांचा चेहरा हलत नाही आणि संपल्यावर क्षणभरही उशीर होत नाही. मेहमूदच्या यशाचा मोठा वाटा या संयमाला दिला पाहिजे, असे प्रस्तुत पत्रलेखिकेचे ठाम मत आहे. 'घराना' आणि 'ससुराल' या दोन्ही चित्रपटांसाठी त्यांना एकाच वर्षी सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर नामांकन मिळाले होते. पुढे १९६८ मध्ये 'चिमुकला पाहुणा' या मराठी चित्रपटाची निर्मिती आणि दिग्दर्शनही त्यांनी केले.

'एक दूजे के लिए' (१९८१) या के. बालचंदर यांच्या चित्रपटात त्याच अभिनेत्रीने नायिकेची कठोर आई उभी केली. मुलीच्या प्रियकराचे छायाचित्र ती जाळते आणि मुलगी त्याची राख चहात मिसळून पिते, या प्रसंगी खोटे यांच्या चेहऱ्यावर विनोदाचा लवलेश उरत नाही. वडिलांच्या धाकात वावरणारी त्रिकुटातली मुलगी आता स्वतःच धाक घालणारी झाली होती, आणि वय वाढल्यावर विनोदी अभिनेत्रींना काम उरत नाही, या समजाला तेथे उत्तर मिळाले.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'जबान संभाल के' या मालिकेने विनोद आणि धाक हे दोन्ही पैलू एकत्र आणले. 'माइंड युअर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेवर बेतलेल्या या मालिकेत पंकज कपूर परभाषकांना हिंदी शिकवतात आणि खोटे त्या भाषासंस्थेच्या प्रमुख मिस दीक्षित आहेत. वर्गात विजू खोटेही विद्यार्थी म्हणून बसलेले आहेत. सारा वर्ग भाषेच्या चुकांवर हसे पिकवत असताना मिस दीक्षित स्वतः हसत नाहीत, आणि त्यांच्या त्या न हसण्यावरच वर्गाचा गोंधळ अधिक उठून दिसतो. तीस वर्षांपूर्वी मेहमूदसमोर जे तंत्र त्यांनी सिद्ध केले, तेच येथे पदाच्या अधिकारासह परत आले आहे.

म्हणून खर्ड्यातील ती ओळ काढून टाकावी आणि त्या जागी शुभा खोटे यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहावे. लिहिण्यापूर्वी 'सीमा', 'ससुराल' आणि 'जबान संभाल के' याच क्रमाने पुन्हा पाहावे, एवढीच विनंती.

शुभाशीर्वादांसह,
तुझी मावशी